कागदावरची दोन नावं



आपल्या माळव्यातल्या मराठी घरांच्या आठवणी इथे बरेच जण लिहितात. कोणी वाड्याबद्दल लिहितं, कोणी गणपतीबद्दल, कोणी आजीच्या हातच्या पुरणपोळीबद्दल. मी पेशानं कर सल्लागार. घर नेमावरचं, ऑफिस खातेगावला. लोकांचे रिटर्न भरणाऱ्या माणसाकडे सांगण्यासारखं काय असणार, असं मला आजवर वाटायचं. पण मागच्या महिन्यात माळ्यावरची आजोबांची पत्र्याची पेटी उतरवली आणि तिच्यात एक कागद सापडला. त्या कागदामुळे मला माझीच एक जुनी चूक नीट कळली. म्हणून हे लिहितोय. थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

आजोबा होळकरांच्या राज्यात परगण्याच्या दप्तरात कारकून होते. नोकरी सुटल्यावर घरीच बसून लोकांचे अर्ज, करारनामे, पत्रं लिहून देत. अक्षर मोडी. मला मोडी अडखळत वाचता येतं, म्हणून तो कागद इंदूरच्या एका जाणत्या गृहस्थांकडून वाचून घेतला. नेमावरच्या एका व्यापाऱ्यानं आजोबांना दिलेलं ते मुखत्यारपत्र निघालं. आपल्या जुन्या दस्तांची रीत तुम्हाला माहीत आहेच. वर 'लिहून देणार' म्हणून व्यापाऱ्याचं नाव, खाली 'लिहून घेणार' म्हणून आजोबांचं. मजकूर एवढाच, की माझी हरद्याला दुकानदारी आहे, तिच्या कराच्या कामी पलीकडच्या कचेरीत माझ्या वतीनं तुम्ही हजर व्हावं, वह्या दाखवाव्यात, विचारतील त्याचं उत्तर द्यावं. कोणत्या सालापुरतं तेही लिहिलंय. खाली दोन साक्षीदार.

'पलीकडची कचेरी' म्हणजे काय, हे नव्या पिढीला सांगायला हवं. नेमावर नर्मदेच्या उत्तर काठावर. सिद्धनाथाचं देऊळ इकडे, समोर दक्षिण काठावर हंडिया. नर्मदेचं नाभिस्थान म्हणतात ते इथलंच. आज पुलावरून पाच मिनिटांत आपण पलीकडे जातो. संस्थानं होती तेव्हा मात्र ही नदी म्हणजे दोन राज्यांची हद्द होती. नेमावर होळकरांच्या इंदूर संस्थानात, हंडिया आणि हरदा इंग्रजांच्या मध्य प्रांतात. इंग्रजांनी हिंदुस्थानात पहिल्यांदा इन्कम टॅक्स बसवला तो १८६० साली, सत्तावन्नच्या धामधुमीत रिकामी झालेली तिजोरी भरायला. पुढे १८८६ चा कायदा आला, मग १९२२ चा. हे कायदे ब्रिटिश हद्दीत चालत. होळकरांच्या मुलखात त्यांचे स्वतःचे कायदे, स्वतःचं सायर. त्यामुळे नेमावरचा व्यापारी घरी होळकरांची रयत असे, आणि हरद्याच्या दुकानातल्या कमाईपुरता इंग्रजांचा करदाता. पलीकडची भाषा वेगळी, कागद वेगळे. त्यानं माझ्या आजोबांना पुढं केलं.

१९२२ च्या कायद्यात कलम ६१ होतं. ज्याला कचेरीत हजर राहायचंय त्यानं स्वतः यावं, नाहीतर त्यानं लेखी अधिकार दिलेल्या माणसानं यावं. तोंडी सांगणं चालत नसे. पेटीतला कागद हा तो लेखी अधिकार.

आता जरा मागे जातो, कारण आपण मराठी माणसं माळव्यात आलो तेच मुळी अशा एका कागदाच्या आधारावर.

२९ नोव्हेंबर १७२८ ला अमझेऱ्याला लढाई झाली. अमझेरा म्हणजे आजच्या धार जिल्ह्यातलं. चिमाजी अप्पांच्या फौजेनं माळव्याचा मोगल सुभेदार गिरधर बहादूर याला तिथे गाठलं आणि तो लढाईत पडला. त्याच सुमाराला पवार बंधूंनी देवासला पाय रोवला. शिंदे, होळकर, पवार यांच्यात मुलूख वाटला गेला. चौथाई वसूल होऊ लागली. १७३८ च्या जानेवारीत भोपाळजवळ दुराई सराईला निजामानं माळवा देण्याचं कबूल केलं. म्हणजे प्रत्यक्षात सगळं आपल्या हातात होतं. ठाणी आपली, वसुली आपली, घोडे आपले.

तरीही पेशवे थांबले नाहीत. त्यांना बादशहाचा कागद हवा होता. तो मिळाला १७४१ साली, अमझेऱ्यानंतर तब्बल तेरा वर्षांनी. आणि मंडळी, शाळेत आपण 'माळवा मराठ्यांना मिळाला' असं एका ओळीत शिकतो, पण त्या कागदात काय होतं ते बघण्यासारखं आहे. नानासाहेब पेशव्यांना मिळाली ती नायब सुभेदारी. नायब म्हणजे दुय्यम, दुसऱ्याच्या वतीनं काम बघणारा. सुभेदार म्हणून नाव राहिलं शहजादा अहमदचं. पेशव्यांनीही आपल्या बाजूनं अटी लिहून दिल्या आणि त्या पाळल्या जातील म्हणून राणोजी शिंदे, मल्हारराव होळकर, यशवंतराव पवार या सरदारांनी जामीनकी लिहून दिली. वर मालकाचं नाव, खाली कारभाऱ्याचं, बाजूला जामीन. आजोबांच्या कागदाचा साचा हाच.

लहानपणी मला यात नामुष्की वाटायची. एवढी तलवार गाजवली आणि शेवटी नायबच? आता वाटतं, किल्ली हातात असणं आणि अधिकार असणं या दोन गोष्टी निराळ्या, हे त्या लोकांना पक्कं ठाऊक होतं. किल्ली तेरा वर्षं होतीच. कागद मिळाल्यावर ते उघडपणे म्हणू शकले, की आम्ही अमक्याच्या वतीनं, अमक्या अटींवर इथे आहोत.

पेशव्यांचा स्वतःचा शिक्काही तसाच असे. त्यावर आधी छत्रपतींचं नाव, मग पेशव्यांचं. छत्रपती बदलले की शिक्का बदले. साताऱ्याच्या दरबारात मुतालिक असत, म्हणजे मोठ्या हुद्देदाराच्या वतीनं त्याचा कारभार चालवणारे. मुतालिकाचा रुबाब मालकाइतका असला, तरी तो मुतालिक आहे हे सगळ्या जगाला माहीत असे.

आणि नाव ज्याचं, त्याच्यावर काय येतं याचं उदाहरणही आपल्या धारचंच आहे. १८५७ साली धारच्या गादीवर आनंदराव पवार आले तेव्हा ते अजून लहान होते. कारभार भोवतालच्यांच्या हाती, किल्ला शिबंदीच्या हाती. ऑक्टोबरमध्ये इंग्रजांनी किल्ला वेढून घेतला आणि संस्थान जप्त केलं. केलं कोणी, आणि गेलं कोणाचं! १८६० मध्ये संस्थान आनंदरावांना परत मिळालं, पण बेरसिया परगणा गेला तो गेलाच, तो भोपाळच्या बेगमेला देण्यात आला. दुसऱ्यानं तुमच्या नावानं काही केलं तरी जबाबदारीचं नाव तुमचंच राहतं, हे तेव्हापासून चालत आलंय.

आता माझ्या घरात परत येतो.

२८ मे १९४८ ला मध्यभारत झाला. इंदूर, धार, दोन्ही देवास, सगळे त्यात विलीन झाले. १ एप्रिल १९५० पासून भारताचा आयकर कायदा आपल्याकडेही लागू झाला. नदीच्या दोन्ही काठांना एकच कायदा. त्याच वर्षी मध्यभारताचा विक्रीकर कायदाही आला आणि आमच्या वडिलांच्या धंद्याचा पाया घातला गेला. पुढे १९५६ ला मध्यप्रदेश झाला, १९५८ ला नवा विक्रीकर, मग वाणिज्यिक कर, मग व्हॅट. नावं बदलत गेली, वडिलांची पिशवी तीच राहिली.

त्या पिशवीत कायम एक गठ्ठा असे: वकीलपत्रं. आमच्याकडे कर सल्लागाराला लोक 'वकील साब'च म्हणतात, मग तो वकील असो वा नसो. १९६१ च्या आयकर कायद्याचं कलम २८८ वडिलांना तोंडपाठ होतं. करदात्याच्या वतीनं कोण हजर राहू शकतो त्याची यादी त्यात होती. नातेवाईक, नेहमीचा नोकर, ज्या बँकेत चालू खातं आहे तिथला अधिकारी, वकील, चार्टर्ड अकाउंटंट, ठरावीक शिक्षण असलेला सल्लागार. पण यातला कोणीही असला तरी अधिकार लेखी हवा असे. वडील देवासला किंवा इंदूरला आयकर कचेरीत गेले, की बाबू आधी हात पुढे करायचा, "पत्र?" वीस वर्षं ओळख असली तरी पत्र. पत्र फायलीला लागलं की मगच फाईल उघडायची. वडील कधीकधी वैतागायचे. "मला ओळखत नाहीस का रे?" बाबू म्हणायचा, "साहेब, तुम्हाला ओळखतो. पण तुम्ही आज कोणाचे, ते कागदच सांगेल."

हे वाक्य मी लहानपणापासून घरात गंमत म्हणून ऐकलं. त्याचा अर्थ फार उशिरा कळला.

मी धंद्यात आलो तेव्हा कॉम्प्युटर येत होते. २००४ साली आयकराचं रिटर्न ऑनलाइन भरण्याची योजना निघाली. सुरुवातीला आमच्यासारख्या गावात तिची कोणी दखल घेतली नाही. मग २०१३ पासून पाच लाखांच्या वर उत्पन्न असणाऱ्यांना ऑनलाइन सक्तीचं झालं आणि आमच्याकडे रांग लागली. पेन्शनर मास्तर, अडतवाले, दवाखान्यातले डॉक्टर. प्रत्येकाचं पॅन पोर्टलवर नोंदवायचं, प्रत्येकाला ईमेल हवा, मोबाइल हवा, पासवर्ड हवा. खातेगाव-नेमावरच्या सत्तर वर्षांच्या माणसाकडे ईमेल कुठून असणार? मी सगळ्यांना माझाच ईमेल टाकला. मोबाइल माझाच. पासवर्ड मीच ठरवला आणि एका लाल वहीत लिहून ठेवला. पहिल्या पानावर 'श्री', खाली ओळीनं नावं, पॅन, पासवर्ड. दोनशेच्या वर माणसं त्या वहीत होती.

हे मी एकट्यानं केलं नाही. तुमच्यापैकी बहुतेकांच्या सल्लागारानं हेच केलं असेल. यात कोणाची वाईट नजर नव्हती. काम सोपं व्हायचं. लोकही खूश. "तूच बघ रे बाबा, मला त्यातलं काही कळत नाही." आधी पोचपावतीवर सही करून ती टपालानं बंगळूरला पाठवावी लागे, तेव्हा निदान सहीसाठी माणूस समोर तरी यायचा. २०१५ मध्ये आधारच्या ओटीपीवर पडताळणी सुरू झाली आणि तेही संपलं. फोन करायचा, सहा आकडे विचारायचे, झालं रिटर्न.

आमच्या गल्लीत एक काका होते, सरकारी शाळेतून निवृत्त झालेले मास्तर. मला गणित त्यांनीच शिकवलं. त्यांचं रिटर्न आधी वडील भरायचे, मग मी. २०१८ च्या सप्टेंबरात काका गेले. त्या वर्षी आजारपणात त्यांचा बँकेला द्यायचा पंधरा-एचचा फॉर्म राहून गेला होता आणि ठेवीच्या व्याजावर बँकेनं टीडीएस कापला होता. अकरा हजारांच्या आसपास रक्कम. काकूंच्या दृष्टीनं मोठीच. ती परत मिळवायची तर एप्रिलपासून काका गेले त्या दिवसापर्यंतच्या उत्पन्नाचं रिटर्न भरायला हवं होतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मी लाल वही उघडली, काकांच्या पॅनसमोरचा पासवर्ड टाकला, रिटर्न भरलं. पडताळणीला आलो. काकांचा फोन काकूंनी चालू ठेवला होता. मी काकूंना फोन लावला.

"काकू, काकांच्या फोनवर आत्ता सहा आकडे आले असतील. वाचून दाखवता?"

थोडा वेळ काही आवाज नाही. मग त्यांनी चष्मा लावून एक एक आकडा सावकाश वाचला. वाचून झाल्यावर म्हणाल्या, "बरं झालं बाळा, त्यांचा फोन वाजला तरी."

मला तेव्हा काही वाटलं नाही. खोटं कशाला सांगू, घाईत होतो. मुदत ऑगस्टअखेरपर्यंत वाढलेली आणि अजून चाळीस रिटर्न बाकी.

परतावा निघाला, पण अडकला. काकांचं एकट्याच्या नावाचं बचत खातं मृत्यूचा दाखला दिल्यावर बँकेनं बंद केलं होतं. त्या वर्षीच्या मार्चपासून परतावा फक्त पॅनला जोडलेल्या खात्यातच जायला लागला होता, चेक बंद. 'परतावा जमा होऊ शकला नाही' असा निरोप आला, तो अर्थातच माझ्या ईमेलवर. मी विचार करत बसलो. दुसरं खातं जोडायचं तर ते काकांच्याच नावाचं हवं. आता काकांच्या नावाचं चालू खातं कुठून आणणार?

दिवाळीला त्यांची मुलगी पुण्याहून आली. काकूंनी तिला कागदांची फाईल दाखवली. ती पोचपावती हातात घेऊन माझ्याकडे आली. त्या पावतीवर छापलेलं असतं: हे रिटर्न कोणी पडताळलं, कोणत्या तारखेला. तिनं बोट ठेवलं.

"दादा, बाबा सप्टेंबरमध्ये गेले. मग पुढच्या ऑगस्टमध्ये त्यांनी सही कशी केली?"

ती भांडायला आली नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे होतं, पण ते तिला सांगायची लाज वाटली. गेलेल्या माणसाच्या नावानं, त्याच्याच तोंडून, मी बोललो होतो. कागदावर माझं नाव कुठेच नव्हतं. काकूंचंही नव्हतं. फक्त काकांचं होतं, आणि ते खोटं होतं.

खरं तर यासाठी सरळ रस्ता पोर्टलवर होता. तेव्हाच्या कायद्यात कलम १५९ होतं: माणूस गेल्यावर त्याचा वारस त्याच्या जागी करदाता धरला जातो, आणि त्याची देणी वारसावर येतात ती मागे राहिलेल्या मालमत्तेपुरतीच. वारसानं स्वतःच्या पॅननं लॉगिन करायचं, प्रतिनिधी म्हणून नोंदणी मागायची, त्यात 'मयत, कायदेशीर वारस' हा प्रकार निवडायचा. मृत्यूचा दाखला, गेलेल्याचं पॅन, वारस असल्याचा पुरावा आणि हमीपत्र जोडायचं. खात्यानं तपासून मंजुरी दिली, की वारसाच्या लॉगिनमधून गेलेल्या माणसाचं खातं उघडतं.

आम्ही ते केलं. काकूंचं पॅन पोर्टलवर नोंदवलं. मोबाइल त्यांचा स्वतःचा, ईमेल मुलीचा. पुरावा म्हणून कुटुंब निवृत्तिवेतनाचा कागद होताच. हमीपत्रासाठी काकूंना नोटरीकडे न्यावं लागलं, गुडघे दुखत असताना जिना चढावा लागला. मंजुरी आली. मुदत संपायच्या आत रिटर्न नव्यानं भरलं. या वेळी सहा आकडे काकूंच्या फोनवर आले. नवीन रिटर्नवर वर काकांचं नाव, आणि खाली पडताळणीत काकूंचं, वारस या नात्यानं. काही आठवड्यांनी पैसे काकूंच्या खात्यात आले.

काकूंनी मला फी विचारली. मी घेतली नाही. घेता आलीच नसती.

त्यानंतर मी लाल वही घेऊन बसलो आणि पोर्टलवर जे पर्याय इतकी वर्षं नुसते बघून सोडून दिले होते ते एकेक वाचले. तुमच्याही उपयोगाचे आहेत, म्हणून थोडक्यात सांगतो.

करदाता आपल्या लॉगिनमधून चार्टर्ड अकाउंटंटला जोडू शकतो, त्याला कोणता फॉर्म भरायला द्यायचा ते ठरवू शकतो आणि नंतर काढूनही टाकू शकतो. रिटर्न भरणारे नोंदणीकृत मध्यस्थ असतात, ते करदात्याच्या संमतीनं त्याला आपल्या यादीत घेतात आणि मग स्वतःच्या लॉगिनमधून त्याचं काम करतात. ज्याला स्वतः सही करणं शक्य नाही, उदाहरणार्थ परदेशात असलेला मुलगा, तो मुखत्यारपत्र जोडून दुसऱ्याला अधिकार देऊ शकतो. अज्ञान मुलं, मनानं अक्षम झालेली व्यक्ती, मयत, यांच्यासाठी प्रतिनिधीची सोय आहे.

जीएसटीत तर हे आणखी स्पष्ट आहे. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, तेव्हा आमच्यासारख्या जुन्या विक्रीकरवाल्यांना जीएसटी प्रॅक्टिशनर म्हणून नोंदणी करावी लागली. व्यापारी पीसीटी-०५ या फॉर्ममधून प्रॅक्टिशनर नेमतो आणि त्याच फॉर्ममधून काढतोही. प्रॅक्टिशनर आपल्या लॉगिननं आत जातो. आणि कलम ४८ मध्ये साफ लिहिलंय, की प्रॅक्टिशनरनं भरलं तरी मजकुराच्या खरेपणाची जबाबदारी व्यापाऱ्याचीच. धारच्या आनंदरावांची आठवण झाली ना?

आपली मुलं आता लंडनला, न्यू जर्सीला आहेत. तिकडेही हेच. इंग्लंडमध्ये सल्लागाराला ६४-८ नंबरच्या फॉर्मवर अधिकार देता येतो. अमेरिकेत २८४८ नंबरचा फॉर्म असतो, त्यात कोणता कर आणि कोणती वर्षं तेही लिहावं लागतं. नुसती माहिती बघू द्यायची असेल तर निराळा, ८८२१ नंबरचा. बघण्याचा अधिकार वेगळा, बोलण्याचा वेगळा. आजोबांच्या कागदावरही साल होतंच की.

या सगळ्या प्रकारांत एक गोष्ट समान आहे. दोन नावं असतात. कोणाचं काम आणि कोण करतंय, दोन्ही दिसतं. पासवर्डला मात्र एकच नाव असतं. मी तुमचा पासवर्ड टाकून आत गेलो, की मी तुमचा प्रतिनिधी राहत नाही. मी तुम्हीच होतो. मी चांगला असलो तरी, वाईट असलो तरी. आणि उद्या मी नसलो, तर तुमच्या नोटिसा माझ्या बंद पडलेल्या ईमेलवर येत राहतील आणि तुम्हाला कळणारही नाही. आता तपासणी आणि अपीलसुद्धा अधिकाऱ्याचं तोंड न बघता, पोर्टलवरूनच होतात. 'पत्र?' म्हणून हात पुढे करणारा बाबू आता राहिला नाही. ते विचारायचं काम आता तुमचं आणि माझं.

पुढच्या वर्षभरात मी एकेका माणसाला बोलावलं. त्याचा मोबाइल, त्याच्या घरातल्या कोणाचा तरी ईमेल, पासवर्ड त्यानं त्याच्या हातानं बदलायचा, मी तोंड फिरवून बसायचं. लोक हसले. काही चिडलेही. एक जुने अडतवाले म्हणाले, "तुमच्या वडिलांनी आमच्यावर कधी एवढा अविश्वास दाखवला नव्हता." त्यांना कसं समजावू, की वडील तर दरवर्षी त्यांच्याकडून पत्र लिहून घ्यायचे? बंद केलं ते मी. तेरा गिऱ्हाइकं सोडून गेली, जिथे अजून वही चालते तिथे. बायको म्हणाली, "तत्त्वं महाग पडली तुमची." महाग पडली हे खरं.

लाल वही मी फाडून टाकली. आणि हे सगळं होऊन गेल्यावर, इतक्या वर्षांनी, पेटी उघडली.

आजोबांच्या त्या कागदाची मागची बाजू मी आधी पाहिलीच नव्हती. इंदूरच्या गृहस्थांनी कागद उलटला आणि म्हणाले, "इथेही काही आहे." आजोबांच्याच अक्षरात एक ओळ: लिहून देणार मयत, सबब हे पत्र रद्द. खाली तारीख आणि आजोबांची सही. पुढच्या बाजूला त्यांनी स्वतःच्या नावावर एक आडवी रेघ मारलेली.

कोणी मागितलं नव्हतं त्यांना. कचेरी नदीपलीकडे, व्यापारी गेलेला, कागद यांच्याच पेटीत. माणूस गेला की त्यानं दिलेला अधिकारही संपतो, हे १८७२ च्या करार कायद्यातही आहे. पण आजोबांनी ते कायद्यासाठी केलं असेल असं मला वाटत नाही. ज्याच्या नावानं आपण बोलत होतो तो आता नाही, तर आपणही गप्प बसायचं, एवढंच.

तो कागद मी फ्रेम करून ऑफिसात लावलाय, मागची बाजू पुढे करून. येणारे विचारतात, हे काय? मी वाचून दाखवतो.

तुम्हाला दोनच गोष्टी सांगतो. घरातल्या मोठ्यांचं पोर्टल एकदा उघडून बघा, त्यात मोबाइल आणि ईमेल कोणाचा आहे ते. आणि कोणाच्या घरी अशी जुनी मुखत्यारपत्रं, वकीलपत्रं, मोडीतले करारनामे असतील तर रद्दीत देऊ नका. धार, देवास, इंदूर, जिथे असाल तिथून फोटो टाका. वाचून द्यायला आपल्यात माणसं आहेत अजून. आणि कागद उलटून बघायला विसरू नका.